वाटाड्याबरोबर जुने गोवे

युरोपातले जुने शहर पाहावयाचे तर आधी विमानाचे भाडे जमवावे लागते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती पुरती खरी नाही. रहिमतपुराहून निघून मिरज, लोंढा या वाटेने आगगाडीत एक रात्र काढली, की दुसऱ्या दिवशी अशा एका शहराच्या वेशीत उभे राहता येते. त्याचे नाव जुने गोवे. पोर्तुगिजांनी 1510 साली ते विजापूरच्या आदिलशहाकडून घेतले, लिस्बनच्या नागरिकांना जे हक्क होते ते या शहराच्या नागरिकांना दिले, आणि सोळाव्या शतकात ते इतके भरभराटले की ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच त्या लोकांत पडली. आज तेथे चर्चे आहेत, मठ आहेत, कमानी आहेत, हिरवळ आहे. शहर मात्र नाही. ते कोठे गेले, हाच त्या ठिकाणी पाहण्यासारखा मुख्य विषय आहे, असे आमचे मत झाले. ते कसे झाले तेच येथे सांगावयाचे आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही नव्या श्रमसंहितांवर बोलणार, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. प्रवासाचा विषय सांगताच ते जरा थबकले. त्यांचे चुकले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. तीस वर्षे हमाल, गवंडी, बिगारी यांच्या संघटनेचे काम केले. अशा माणसाने इतिहासावर बोलू नये असा कायदा नाही, आणि पिसुर्लेकर, प्रियोळकर यांची पुस्तके वाचनालयात कोणालाही मिळतात.

गेल्या हिवाळ्यात संघटनेच्या अठरा सभासदांची सहल गोव्याला गेली. गवंडी होते, हमाल होते, बिगारी काम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या. समुद्र पाहून झाला. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी जुने गोवे पायी पाहावयाचे ठरले.

पायी फेरी हा प्रकार आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. रोम, लिस्बन, प्राग असल्या शहरांत जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मोटारीतून काही दिसावयाचे नाही. म्हणून दहावीस प्रवाशांची तुकडी करतात आणि एक माहीतगार माणूस, ज्याला आपण गाईड म्हणतो तो, पुढे चालतो. गर्दीत ओळखू यावा म्हणून हातात मिटलेली छत्री उंच धरतो. दीड-दोन तास चालावयाचे, दहाबारा ठिकाणी थांबावयाचे, प्रत्येक ठिकाणी पाचदहा मिनिटे ऐकावयाचे. या तुकड्या इतक्या वाढल्या की गावकऱ्यांना आपल्याच गल्लीतून वाट मिळेना. व्हेनिस शहराने 2024 साली नियम केला की तुकडीत पंचविसांहून अधिक माणसे नकोत आणि वाटाड्याने कर्णा वापरावयाचा नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिकडे ‘फुकट फेरी’ म्हणूनही एक प्रकार निघाला आहे. प्रवाशाने आधी काही द्यावयाचे नाही. फेरी संपल्यावर मर्जीप्रमाणे वाटाड्याच्या हातावर ठेवावयाचे. वाटाड्याला पगार नाहीच. उलट पुष्कळ ठिकाणी तुकडीत जितकी डोकी, तितक्यांचे ठरावीक पैसे त्यानेच चालकाला भरावयाचे. म्हणजे काम करणाराच मालकाला मजुरी देतो. फुकट या शब्दाचा हिशेब कोणाच्या तरी खिशातून चुकता होत असतोच.

जुन्या गोव्यात तसे नाही. तेथे ओळखपत्र गळ्यात घातलेला एक तरुण मुलगा बसथांब्यापाशी भेटला. मराठी चांगले, कोकणी घरचे, इंग्रजी पोटापुरते. त्याने दोन तासांचे दोन हजार सांगितले. आमच्या मंडळींनी बाराशेवर आणले. माणशी सत्तर रुपयेसुद्धा पडले नाहीत. त्या घासाघिशीत आम्ही पुढे होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. सोबतच्या लोकांपुढे आपण व्यवहारात पक्के आहोत हे दाखविण्याची हौस कोणाला सुटली आहे? मुलगा एवढेच म्हणाला, “ठीक आहे साहेब, चला.” साहेब म्हणू नकोस, आम्ही कामगार आहोत, असे आम्ही त्याला सांगितले. त्यावर तो हसला. का हसला ते तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

फेरीचा आरंभ मांडवीच्या काठी, दिवाडी बेटाकडे जाणारी फेरीबोट लागते तेथून करावा. त्या काळी युरोपातून येणारा माणूस नदीतूनच शहरात शिरे. धक्क्यावरून वर आले की विजरईची कमान लागते. विजरई म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा येथला प्रतिनिधी. आपल्या जुन्या कागदपत्रांत हाच शब्द आहे. वास्को द गामा 1498 साली हिंदुस्थानास आला, त्याला शंभर वर्षे होत आली तेव्हा त्याचाच पणतू येथे विजरई होता, त्याने ही कमान उभारली. नदीच्या अंगाला वास्को द गामाची मूर्ती. शहराच्या अंगाला हातात तलवार घेतलेली एक स्त्री, आणि तिच्या पायाखाली पालथा पडलेला इकडचा माणूस. प्रत्येक नवा विजरई याच कमानीतून शहरात येई. म्हणजे शहरात शिरणाऱ्याने आपल्यासमोर कोण आणि पायाखाली कोण, हे दगडावरच वाचून घ्यावे अशी सोय केलेली होती. आज दिसते ती कमान पडल्यावर 1954 साली फिरून बांधलेली आहे.

येथे आमच्यातल्या एका हमालाने विचारले, “जहाजावरचा माल इथनं आत कोण न्यायचं?”

वाटाडी मुलगा गोंधळला. हा प्रश्न त्याला पूर्वी कोणी विचारला नसावा. परंतु मुलगा हुशार. तो म्हणाला, “ते सांगतो, जरा पुढे चला.”

कमानीपासून सरळ वर जाणारा रस्ता म्हणजे शहराची मुख्य पेठ होती. तिचे पोर्तुगीज नाव रुआ दिरैता, सरळ रस्ता. लिंशोतेन नावाचा एक डच माणूस 1583 ते 1588 या काळात येथे आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या ग्रंथात या पेठेचे चित्र आहे. रोज सकाळी या रस्त्यावर मालाची बोली होई. अरबी घोडे, चिनी रेशीम, मसाले, दागिने, मेलेल्या माणसाचे सामान, सारे येथे विकले जाई. त्या बोलीला पोर्तुगीज शब्द ‘लैलांव’. मुलगा म्हणाला, “तुमचा लिलाव शब्द इथून गेला.” आणि मग हळूच म्हणाला, “या लिलावात माणसंपण असायची.”

हे खरे आहे. आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून आणलेले गुलाम, बाया नि पुरुष, या सरळ रस्त्यावर घोड्यांच्या शेजारी विकले जात. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी 1608 ते 1610 या काळात गोव्यात होता. त्याने ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. आमच्या हमालाच्या प्रश्नाचे उत्तर ते होते. जहाजावरचा माल त्या लिलावात विकला गेलेल्यांच्या डोक्यावरून वर चढत होता. पेठेचा आज मागमूस नाही. दोन्ही बाजूंना झाडे आहेत, मधून डांबरी रस्ता आहे.

पेठेच्या उजव्या-डाव्या हाताला मग एकेक इमारत येते. सगळ्यांचे वर्णन आम्ही करीत बसत नाही. ते छापील पुस्तिकेत मिळते. डावीकडे संत काएतान याचे घुमटाचे चर्च आहे, रोमच्या सेंट पीटर चर्चचा नमुना पुढे ठेवून सतराव्या शतकात बांधलेले. त्याच्या आवारात एक एकटी दगडी चौकट उभी आहे. नक्षीदार खांब, वर आडवा दगड, बाकी काही नाही. पाच मिनिटे मिळणार असतील तर चर्चला दोन द्या आणि या चौकटीला तीन द्या. ही आदिलशहाच्या वाड्याची चौकट, असे सांगतात. 1554 पासून 1695 पर्यंत याच वाड्यात विजरई राहिले. पुढे वाडा पाडला, दार तेवढे उरले. रहिमतपूरकरांनी येथे जरा अधिक थांबावे. आपल्या गावात रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे, तो रणदुल्लाखान त्याच आदिलशाहीचा सरदार. 1638 साली शहाजीराजांबरोबर बंगळूर घेणारा तो हाच. घरापासून इतक्या लांब आल्यावर आपल्या गावाच्या जुन्या धन्याची चौकट भेटली, म्हणून आमच्या मंडळींना बरे वाटले.

सें कॅथेड्रल हे मुख्य चर्च 1562 साली सुरू झाले, 1619 साली पुरे झाले. दोन मनोरे होते, त्यांतला एक 1776 साली कोसळला. म्हणून तोंड आजही एका अंगाने उघडे दिसते. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. ती 1652 साली कुंकळ्ळी गावी ओतली. ज्या कुंकळ्ळीने 1583 साली पाद्र्यांविरुद्ध हत्यार उचलले आणि त्यापायी आपली कर्ती माणसे गमावली, त्याच गावच्या हातांनी हे धातूचे काम केले. खिडक्यांना जुन्या पद्धतीने काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसविलेले दिसतात. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो.

शेजारच्या मठात 1964 पासून पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. तेथे विजरईंची आणि गव्हर्नरांची चित्रे ओळीने लावली आहेत, साठाच्या आसपास. आमच्यातल्या एका बहिणीने ती सगळी निगुतीने पाहिली आणि विचारले, “ह्यात बांधणारा कोण?” कोणी नाही. तिला उत्तर ठाऊकच होते.

कॅथेड्रलच्या दक्षिणेला एक मोकळी जागा आहे. तेथे पाटी नाही, भिंत नाही. इन्क्विझिशनचा वाडा येथे होता. ख्रिस्ती धर्मात आलेल्या माणसाने गुपचूप जुना आचार पाळला, तुळस लावली, जुन्या रीतीने लग्न लावले, तर त्याला धरून आणावयाचे. आरोप कोणी केला हे त्याला सांगावयाचे नाही. असे ते न्यायालय 1560 पासून 1812 पर्यंत चालले. मध्ये 1774 ते 1778 एवढी चार वर्षे काय ते बंद होते. आपल्या मराठीतला तुरुंग हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आला.

या जागी मुलाचा आवाज खाली आला. त्याने वर्षे सांगितली आणि तो पुढे निघाला. आम्ही त्याला थांबवून विचारले, इतके थोडके का? तो म्हणाला, “काका, इथे काय बोलायचं ते तुकडी बघून ठरवावं लागतं. काहींना हे अजिबात नको असतं, काहींना हेच पाहिजे असतं, दुसरं काही नको. दोघंही रागावले तर पुढची फेरी मिळत नाही.”

त्याचे म्हणणे आम्हांला समजले. मान्य झाले नाही. जे घडले ते ख्रिस्ती प्रवाशाला आणि हिंदू प्रवाशाला एकाच शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि इन्क्विझिशनचा सगळ्यात मोठा भार गोव्याच्या ख्रिस्ती माणसावरच पडला, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्याचे पोट आजच्या तुकडीच्या मर्जीवर आहे त्याला हा उपदेश करणे सोपे, पाळणे कठीण. फेरीवर जाणाऱ्यानेच विचारावे. विचारले म्हणजे त्याला बोलता येते.

रस्ता ओलांडला की बॉम जेजू. 1594 साली पाया घातला, 1605 साली पुरे झाले. आत फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत आहे. झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, 1554 साली त्याचे शव गोव्यात आणले. दर दहा वर्षांनी ते दर्शनाला खाली काढतात. शेवटचे दर्शन 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत होते. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने पाठविला, तो 1698 साली बसला. चांदीची पेटी मात्र गोव्याच्या सोनारांनी 1637 च्या सुमारास घडविली. गंमत अशी की हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या वस्तू घडवू नयेत अशा आज्ञा सोळाव्या शतकात निघालेल्या होत्या, आणि त्या फिरफिरून काढाव्या लागल्या. जी आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते, ती कोणी पाळीत नाही असे खुशाल समजावे. चांगला कारागीर कोणाला नको असतो?

मराठी माणसाने या पेटीशी आणखी एक गोष्ट आठवावी. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने शहरासमोरच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. विजरई स्वतः चालून गेला, जखमी होऊन परतला, आणि त्याने आपला राजदंड या शवपेटीपाशी ठेवून शहर झेवियरच्या हवाली केले. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरली, महाराजांना वळावे लागले, आणि शहर वाचले. विजरईने त्याचे श्रेय कोणाला दिले असेल ते सांगावयास नको.

आमच्या मंडळींचा जीव मात्र पेटीपेक्षा बाहेरच्या भिंतीत रमला. बॉम जेजूची भिंत तांबडी, उघडी. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर असतो तोच हा दगड. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की घट्ट होणारा. दर्शनी भागातले कोरीव काम काळ्या दगडात आहे, तो वसईहून गलबतांतून आणला. आमच्यातले सर्वांत वयस्क गवंडी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी भिंतीला हात लावला, बोट चिऱ्याच्या भोकात घातले, आणि म्हणाले, “ही भिंत उघडी ठेवायची नव्हे. हिचा गिलावा कुणी काढला?”

मुलगा चकित झाला. गिलावा खरोखरच होता. 1950 नंतरच्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या एका वास्तुशिल्पकाराने, इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून, तो खरवडून काढविला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस सरळ चिऱ्यावर पडतो आणि दरसाल थोडा थोडा दगड घेऊन जातो. गिलावा पुन्हा द्यावा अशी मागणी 2020 साली चर्चमधूनच झाली. उलट बाजूचे म्हणतात की लोकांच्या डोळ्यांत तांबडे चर्चच बसले आहे. तात्यांना हा वाद पटला नाही. “फोटूसाठी भिंत मारायची काय?” असे ते म्हणाले. आमचे मत तात्यांच्या बाजूने आहे.

त्या भिंतीखाली बसून मुलाने आणखी एक मौज सांगितली. “तुम्ही कामावर मिस्त्री म्हणता, तो आमच्याकडचा मेस्त्री, पोर्तुगीज मेस्त्र. आणि घमेलं, ते गामेल.” दोघी बहिणी मोठ्याने हसल्या. रोज डोक्यावर घेतलेली वस्तू समुद्रापलीकडचे नाव घेऊन आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. एकीने विचारले, “मग पगारपण त्यांचाच का?” होय, पगारसुद्धा. पोर्तुगीज भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. मात्र ही भिंत रचणाऱ्यांत तो कोणाकोणाला मिळाला, ते भिंतीवर लिहिलेले नाही. एका चिऱ्याचे वजन पस्तीस-चाळीस किलो भरते. आमच्या हमालांनी मनाशी हिशेब सुरू केला आणि दर्शनी भिंतीच्या अर्ध्यावरच सोडून दिला.

शेवटचा थांबा टेकडीवर. तेथे संत आगुस्तीनच्या मठाचा मनोरा आहे, सुमारे दीडशे फूट उंच, निम्मा उभा, निम्मा पडलेला. 1602 साली चर्च बांधले. 1835 साली पोर्तुगाल सरकारने मठ बंद केल्यावर ते ओस पडले. 1842 साली छत कोसळले. 1931 साली तोंडाची भिंत गेली. घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. उघड्यावर पडलेल्या थडग्यांच्या फरश्यांमधून चालावे लागते, आणि पाहता पाहता आवाज आपोआप खाली येतो. जॉर्जियाच्या केतेवान नावाच्या राणीला 1624 साली इराणात मारले, तिच्या अस्थींचा भाग येथे पुरला होता. उत्खननात तो सापडला आणि 2021 साली भारताने तो जॉर्जियाला दिला. कोठले कोण, आणि माती कोठे!

येथे बसून आम्ही विचारले की शहर मेले कशाने? मुलाने पुस्तकातली कारणे सांगितली. डचांनी समुद्र अडविला, 1641 साली मलाक्का घेतले, 1663 साली कोची घेतली, व्यापार बसला. हे खरे. परंतु व्यापार बसला म्हणजे शहर गरीब होते, नाहीसे होत नाही. तात्यांनी आपला प्रश्न विचारला, “पाणी कुठलं प्यायची?”

हाच तो प्रश्न. शहर वाढले ते नदीकाठच्या सखल, सच्छिद्र जमिनीवर. घरोघर विहीर आणि विहिरीपासून थोड्या अंतरावर शौचकूप. चिऱ्याची जमीन चाळणीसारखी. वरचे घाण पाणी झिरपत विहिरीत उतरे. पटकी 1543 पासून येऊ लागली, पुढे ताप आले, आणि शतकभर येत राहिले. श्रीमंतांसाठी शहराबाहेरच्या झऱ्याचे गोड पाणी होते. पिरारने लिहिले आहे की गुलाम ते मडक्यांतून आणून रस्तोरस्ती विकीत. म्हणजे ज्याच्यापाशी दमडी त्याला झऱ्याचे पाणी, बाकीच्यांना विहिरीचे. पण ताप झऱ्यावाल्यांच्या घरातही गेला. स्वयंपाकघरातली माणसे विहिरीचेच पाणी पीत होती. 1695 साली विजरईने मुक्काम बाहेर हलविला, 1759 साली पणजीला नेला, 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. ज्यांना जाता आले ते गेले. घरांचे दगडसुद्धा पणजीला गेले. 1775 साली येथे सोळाशे माणसे उरली होती. त्याच दशकात पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने हुकूम काढला की शहर पुन्हा बांधा. मजूर आणले, काम सुरू झाले, आणि मजूर तापाने मरू लागले. शेवटी काम सोडून दिले. लिस्बनमध्ये बसून नकाशा काढणाऱ्याला विहिरीचे पाणी प्यावयाचे नव्हते.

यानंतर आमच्या तुकडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातल्या पुष्कळांनी बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहून, पिंपातले पाणी पिऊन पोरे आजारी पडलेली पाहिली आहेत. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, त्यात पिण्याचे पाणी आणि संडास यांची कलमे होती. ती किती ठिकाणी पाळली गेली ते पोंबालसाहेबांना विचारावे. असो.

फेरी दोन तासांची ठरली होती, तिला तीन लागले. उतरताना आम्ही मुलाला त्याच्या कामाचे विचारले. हंगामात दिवसाला एक, फार तर दोन फेऱ्या. पावसाचे चार महिने जवळजवळ काहीच नाही. तेव्हा तो चुलत्याच्या दुकानात बसतो. आजारी पडला तर त्या दिवसाचे काही नाही. हॉटेलवाल्याने तुकडी पाठविली तर त्याचा हिस्सा आधी काढून द्यावयाचा. आम्ही म्हटले, संघटना का करीत नाही? तो म्हणाला, “करू, पण भाव कोण धरून ठेवणार? एकाने दोन हजार सांगितले की दुसरा बाराशेला तयार.”

बाराशे हा आकडा त्याने मुद्दाम उच्चारला की सहज, हे आम्हांला आजही कळलेले नाही. सकाळचे त्याचे हसणे तेव्हा समजले. तात्या आमच्याकडे न बघता बिडी पेटवीत म्हणाले, “पहिला आकडा द्या त्याला.” दोन हजार दिले. त्याने मोजून घेतले. जास्तीचे आभार मानले नाहीत, ते आम्हांला आवडले.

जाता जाता त्याने विचारले, “काका, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?” अठराजण एकमेकांकडे पाहू लागले. कोणी चौंडेश्वरीचे देऊळ म्हणाले, कोणी कमंडलू नदी, कोणी गुळाचे गुऱ्हाळ. मशीद आणि कबर आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण ती कोणी, केव्हा, कशाने बांधली, हे एकालाही धड सांगता येईना. आम्हांलाही येईना, आणि आम्ही तर वाचणारे म्हणवून घेतो. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म 1920 साली आपल्या गावचा, एवढे आम्ही कसेबसे पुढे केले. मुलाने ते नाव ऐकले होते, म्हणून लाज राहिली.

परत आल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही तात्यांना घेऊन मशिदीपासून चालू लागलो. त्या बाजूला गल्लीतून गेले की जुनी विहीर आणि पाण्याचा उंच मनोरा आहे. हत्ती चढावरून खाली उतरे आणि त्याच्या ओढीने मोट वर येई, असे आपल्याकडे सांगतात. लहानपणी आम्ही त्यावर पतंग उडविले. हे काय आहे असे कोणी विचारले नाही. तात्यांनी चढाची उतरण पावलांनी मोजली, मनोऱ्याचा चुना नखाने खरवडून पाहिला, पाणी वरून कोठल्या अंगाने वाहत गेले असेल ते बोटाने दाखविले. गावात पाणी उंचावर चढवून, मग उतारावरून पुढे न्यावयाची ही युक्ती त्या काळी कोणी बसविली, तो आपलाच कोणी मिस्त्री असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. विहिरीत आज काय पडलेले आहे ते मात्र त्यांनी पाहिले आणि तोंड फिरविले. पिशव्या, निर्माल्य, फुटके मडके, एक जुनी सायकल.

विहीर उपसण्याचा अर्ज आम्ही नगरपालिकेत दिला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता तात्या मशिदीपाशी उभे असतात. पंचविसांहून अधिक माणसे ते घेत नाहीत, त्यांचा आवाज तेवढ्यांनाच पुरतो. दीड तास लागतो. माणशी वीस रुपये, आणि भाव ठरलेला आहे.